विकण्याआधी घरचं १५ किलो जवस बाजूला काढा



जवसाची मळणी झाली की पोती थेट बाजारात जातात. यंदा आधी घरचा वाटा काढा. माणशी रोज १० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा धरला, तर चार माणसांच्या घराला वर्षाला १५ किलो पुरतं.

*का खायचं?* जवसात सुमारे ४० टक्के तेल असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३. मासे न खाणाऱ्या घराला याचा मोठा आधार. प्रथिनं आणि चोथाही भरपूर, पोट साफ राहतं.

*कसं खायचं?* अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो. म्हणून भाजून, कुटूनच खा.

*चटणी:* १ वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. गार झालं की ८-१० लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, २ चमचे तिखट आणि मीठ घालून जाडसर कुटा. मुलांसाठी तिखट कमी घाला. नुसती पूड भाकरीच्या पिठात किंवा वांग्याच्या भाजीतही चालते.

*लक्षात ठेवा*
▪️ कुटलेलं लवकर खवट होतं. आठ-दहा दिवसांपुरतंच कुटा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
▪️ सोबत पाणी भरपूर प्या.
▪️ रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
▪️ पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं स्वयंपाकघरात आणूच नका. धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी