बेटावरून निघालेली रांग

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास कशेळीच्या खाडीपुलावर लुकलुकत्या लाल दिव्यांची रांग लागते. ठाण्याहून निघालेले हे सायकलवाले. काल्हेर, पूर्णा मागे टाकत ते अंजूरफाट्याला येतात आणि उजवीकडे माणकोलीच्या बाजूला वळतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, रात्रभर माल भरून कडेला उभे केलेले कंटेनर, डोक्यावर मेट्रो-५ चा मार्ग. अशा रस्त्यावर हौसेने सायकल चालवायला कोणी येत असेल यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसणार नाही. पण नाशिक महामार्ग गाठायचा तर ठाणेकरांना एक खाडीपूल ओलांडावाच लागतो. ठाणं साष्टी बेटावर आहे, हे इतकी वर्षं तिथे राहूनही बहुतेकांच्या ध्यानात नसतं.

अंजूरच्या लोकांच्या मात्र ते एके काळी पक्कं ध्यानात होतं. हे बेट पोर्तुगीजांकडून सोडवण्यासाठी पेशव्यांच्या मागे लागलेले गंगाजी नाईक इथलेच. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या वेळी बेटावर जायचं होतं. आता बेटावरची माणसं चांगल्या रस्त्याच्या शोधात अंजूरकडे येतात.

युरोपातल्या सायकल क्लबांचा प्रवास याच्या नेमका उलटा. फेब्रुवारी ते एप्रिल, आपल्याकडे थंडी सरत असते तेव्हा, इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्कमधले क्लब सरावाच्या शिबिरांसाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर उतरतात. घरी पाऊस आणि गारठा, तर इथे ऊन. हॉटेलांत सायकली ठेवायला कुलपाची खोली आणि दुरुस्तीचं टेबल असतं, नाश्त्याला माणूस हवं तितकं खातो. बेटाच्या वायव्येला त्रामुंताना पर्वत. त्यातला सा कालोब्रा रस्ता १९३२ मध्ये अंतोनियो परिएत्ती या अभियंत्याने आखला. तो समुद्रापाशी संपतो, म्हणून आधी मजेत खाली उतरायचं आणि मग तोच साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी सात टक्क्यांचा चढ चढून परत यायचं. दुसरी वाट नाही. प्रशिक्षकांना तो आवडतो यात नवल नाही.

अशी शिबिरं दोन-तीन क्लब मिळून करतात त्याला पैशाचं कारण आहेच. मागची गाडी, मेकॅनिक, हॉटेलचा भाव, सगळं वाटलं जातं. पण सायकलवाला दुसरं कारण आधी सांगेल. एका क्लबात पस्तीसच्या वेगाने चालवणारे तिघे, तिसाचे चौघे आणि पंचविसाचे बाकीचे असतात. तिघांची रांग होत नाही. दोन क्लब एकत्र आले की प्रत्येक वेगाचा निदान सहा-आठ जणांचा गट जमतो. मग जर्सीचा रंग बाजूला राहतो आणि ताशी किती किलोमीटर, एवढंच विचारलं जातं.

माणकोली नाक्यावर नेमकं तेच होतं. डोंबिवलीकडची मंडळी मोठागाव-माणकोली पुलावरून येतात, कल्याणची पुढे रजनोलीला भेटतात. रामराम होतो, बाटल्यांची टोपणं घट्ट होतात, कोणाचा तरी मागचा दिवा पेटत नसतो. गट पडले की रांग लागते.

ही रांग जवळून बघण्यासारखी असते. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत हात-दीड हाताचं अंतर. नजर चाकावर खिळवायची नाही, पुढच्याच्या खांद्यावरून रस्ता बघायचा. ब्रेक शक्यतो लावायचाच नाही. पाय मोकळे सोडून किंवा जरा ताठ बसून छातीवर वारा घेत वेग उतरवायचा. पहिला माणूस खड्डा दिसताच बोट खाली करतो आणि ओरडतो, ‘खड्डाऽ!’ ती हाक मागे मागे जाते. शेवटचा ‘गाडी!’ म्हणून ओरडतो, ती पुढे जाते. दोन-तीन मिनिटं वारा अंगावर घेतला की पुढचा कोपर हलवून बाजूला होतो आणि रांगेच्या शेपटीला लागतो. इथे नवखा हमखास चुकतो. पुढे आल्यावर त्याच्या अंगात जोर संचारतो, तो वेग दोन-तीन किलोमीटरने वाढवतो आणि मागची रांग तुटते. जुनेजाणते ‘स्टेडी, स्टेडी’ म्हणून ओरडतात ते त्याच्यासाठी. पुढे येऊन वेग न वाढवणं ही या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट असावी, आणि ती एकट्याने शिकता येत नाही.

हिशेब हवेचा आहे. ताशी तीसच्या वर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. रांगेत मागे असलेल्याची त्यातली साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. आइंडहोवन विद्यापीठातल्या बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांचा घोळका गृहीत धरून गणित मांडलं. घोळक्याच्या पोटातल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या अवघा पाच ते दहा टक्के वाऱ्याचा विरोध होतो, असं त्यात निघालं. नाशिक महामार्गावर १२१ जण कधी जमत नाहीत, आणि जमले तरी ट्रकवाले त्यांना एवढी जागा देणार नाहीत.

ट्रकांची दुसरी देणगी म्हणजे तार. जड वाहनाचा टायर फुटला की त्यातल्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि कडेनेच सायकली जातात. केसाएवढी तार अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरात घुसते आणि हवा हळूहळू उतरते. घाईने ट्यूब बदलून निघालेला माणूस अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा थांबतो, कारण तार तशीच आत असते. जाणकार टायरच्या आतून अंगठा अगदी सावकाश फिरवतो. टोचलं की तिथे खूण करतो, मग पिशवीतला चिमटा काढून तार बाहेरून ओढतो. तोवर सगळा गट थांबतो, कोणी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून देतं, कोणी मोबाइलचा उजेड धरतं. मायोर्कात हे काम हॉटेलच्या टेबलावर होतं.

आणि ऊन. तिथे विमानाचं तिकीट काढून ज्यासाठी जातात, ते चुकवण्यासाठी इथे साडेतीनला गजर लावतात. मार्चनंतर आठ वाजले की खाडीकाठची दमट हवा अंगाला चिकटते, जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. पडघ्याच्या आसपास थांबा ठरलेला. पोहे, दोन केळी, चहा आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर. परदेशी जेलची पाकिटं खिशात असतात, पण ती बऱ्याचदा तशीच घरी परततात.

आपल्याकडे शिबिराचं हवामान नाही, ही तक्रार अर्धीच खरी. घाट आहेत, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम आहे. याच राज्यात १९४५ पासून मुंबई-पुणे शर्यत भोरघाट चढत आली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली, ती सुमारे ४,८०० किलोमीटरची. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही शर्यत झाली, त्यासाठी रस्ते नव्याने केले गेले. कमी पडतो तो सलग वेळ. सकाळी सायकल, दुपारी झोप, संध्याकाळी पाय ताणणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं आठवडाभर झालं की शरीर बदलतं. इथे दहाला घरी भाजी आणायची असते.

म्हणून काही गट एखादा जोडसुट्टीचा शनिवार-रविवार धरून इगतपुरीला मुक्काम टाकतात. ठाण्याहून कसारा ऐंशीएक किलोमीटर, पुढे घाटात साधारण तीनशे मीटरचा चढ. खर्डीपर्यंत रांग टिकते, पायथ्याला ती सुटते, कारण चढावर वारा कापून देऊन कोणाचं फारसं भलं होत नाही. ज्याची त्याची चाल, ज्याचा त्याचा श्वास. वर पोचलेले खालच्यांची वाट बघत उभे राहतात, आणि कोणत्या क्लबाचा माणूस आधी आला यावर चहा होईपर्यंत वाद चालतो. दुसऱ्या दिवशी उतरताना वाऱ्याची दिशा बघून रांग पुन्हा लागते. या वेळी पुढे कोण, हे आदल्या रात्री जेवतानाच ठरलेलं असतं.