पहिला फोन अडवायचा कोणी?

लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष श्री. एस. पी. ओसवाल यांना २०२४ सालच्या ऑगस्टअखेरीस जो फोन आला, त्याच्या पलीकडे आरंभी मनुष्य नव्हताच. ध्वनिमुद्रित आवाज होता. नऊ आकडा दाबला नाही तर फोनसेवा खंडित होईल, एवढेच तो सांगत होता. नऊ दाबताच बोलणारा माणूस आला आणि आपण सीबीआयच्या कुलाबा कार्यालयातून बोलत असल्याचे त्याने सांगितले. ओसवालांच्या नावाने कोणी दुसराच क्रमांक घेतला आहे, त्यावरून आर्थिक गैरव्यवहार झाला आहे, अशी ती कथा होती. पुढे रात्रंदिवस कॅमेऱ्याची पाळत, सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी, सरन्यायाधीशांचे सोंग, आणि अखेर सात कोटी रुपये. पद्मभूषणाने गौरविलेल्या, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या उद्योजकाची ही गोष्ट. पोलिसांनी तत्परतेने हालचाल केल्यामुळे सुमारे सव्वापाच कोटी परत मिळाले.

अशा प्रकरणाची चर्चा बहुधा ‘इतका अनुभवी माणूस फसला कसा’ या प्रश्नापाशी थांबते. तो प्रश्न फसलेल्या माणसावर अन्याय करणारा आहे. ज्या पिढीने सरकारी कागदाचा आणि न्यायासनाचा मान राखून व्यापार केला, ती पिढी त्या मानापोटीच घाबरते. विचारायला हवे ते निराळेच: असा पहिला फोन दारापर्यंत येतो कसा, आणि त्या दारावर पहारा कोणाचा?

यंत्राने केलेला फोन ही ठगाची चाळणी असते. एका संगणकावरून दिवसभरात हजारो क्रमांक फिरविता येतात. बहुतेक लोक फोन ठेवून देतात, आणि जो घाबरून आकडा दाबतो तेवढाच माणसाच्या हाती सोपविला जातो. एकदा संभाषण इंटरनेटवरील दृश्य-संवादात गेले, की दूरसंचार कंपनीचा हात तेथे पोहोचत नाही. नेहमीच्या फोनवरून आलेली पहिली घंटी मात्र कंपनीच्याच जाळ्यातून येते. फसवणूक ज्या ठिकाणी सर्वांत स्वस्तात अडविता येते, ते ठिकाण हेच.

कंपनीला तेथे दिसते ते ग्राहकाला कधीच दिसत नाही. ग्राहकापुढे एक अनोळखी क्रमांक असतो. कंपनीपुढे त्या क्रमांकाची सारी चालचलणूक असते. एखाद्या सिमवरून दिवसाला शेकडो फोन जातात, पण उलट फोन एकही येत नाही. प्रत्येक बोलणे काही सेकंदांत संपते. एकाच हँडसेटमधून सिमकार्डे बदलत राहतात. असा क्रमांक घरगुती नसतो, हे ओळखायला त्यावरचे बोलणे ऐकण्याचीही गरज नाही. याच तत्त्वावर एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची व्यवस्था सुरू केली. संशयित फोन वाजतानाच पडद्यावर इशारा उमटू लागला, आणि एप्रिल २०२५ पासून तो मराठी, गुजरातीसह दहा भारतीय भाषांत मिळू लागला. घरातील आजी-आजोबांच्या दृष्टीने भाषेचा हा बदल मूळ तंत्राइतकाच मोलाचा आहे. तरीही इशारा तो इशाराच. फोन वाजतोच, आणि धास्तावलेला माणूस पडदा वाचत नाही.

याहून कठोर उपाय परदेशी फोनांबाबत झाला. परदेशातील ठग इंटरनेटच्या मार्गाने फोन लावतात आणि आपल्या क्रमांकापुढे भारताचा ‘+९१’ चिकटवतात, त्यामुळे तो फोन शेजारच्या गावातून आल्यासारखा भासतो. वास्तविक भारतीय क्रमांकावरून परदेशातून फोन येण्याचे सरळ कारण एकच, त्या क्रमांकाचा धनी परदेशी गेलेला असणे. आणि तो गेला आहे की नाही हे त्याच्या कंपनीला ठाऊक असते. ही माहिती एकत्र जोडणारी केंद्रीय व्यवस्था दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन बनावट ठरवून अडविण्यात आले. भारतीय क्रमांक दाखवीत परदेशातून येणाऱ्या फोनांपैकी ते जवळजवळ नव्वद टक्के होते! कंपन्यांकडे असलेली माहिती आधीच एकत्र आणली असती तर किती घरांचे नुकसान टळले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेने हाच प्रश्न साखेच्या अंगाने सोडविण्याचा प्रयत्न केला. तेथे २०१९ च्या कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत ‘स्टर-शेकन’ नावाची पद्धत स्वीकारावी लागली. फोन जेथून निघतो ती कंपनी त्यावर आपली डिजिटल सही करते: हा ग्राहक आमच्या ओळखीचा आहे आणि हा क्रमांक त्याचाच आहे. जुन्या पेढ्यांच्या हुंडीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. हुंडीवर ज्याची सही, त्याची जबाबदारी. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात यांत्रिक फोन गेले. ते फोन करविणाऱ्या सल्लागाराला साठ लाख डॉलर्सचा दंड झालाच. शिवाय त्या फोनांवर सर्वोच्च खात्रीची सही करणाऱ्या लिंगो टेलिकॉम या कंपनीलाही दहा लाख डॉलर्स भरावे लागले. ग्राहकाची पारख न करता सही केली, हा तिचा दोष होता. सिंगापूर आणखी पुढे गेले. डिसेंबर २०२४ पासून तेथे विशिष्ट प्रकारच्या फसवणुकीत बँकेने किंवा दूरसंचार कंपनीने नेमून दिलेले कर्तव्य पाळले नसेल, तर ग्राहकाचे नुकसान तिला भरून द्यावे लागते.

तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. स्वतः चोरी न करणे एवढ्यावर तेथे श्रावकाची सुटका नाही. चोराला प्रवृत्त करणे किंवा अनुमोदन देणे, चोरीचा माल घेणे, खऱ्याच्या रूपात खोटे खपविणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हेही दोषच मानले आहेत. ‘+९१’चा मुखवटा चढविलेला फोन हा प्रतिरूपक व्यवहारच होय. आणि ठगाने भाड्याने घेतलेल्या शेकडो लाइनींचे भाडे ज्या कंपनीच्या गल्ल्यात पडते, तिला ‘आम्ही केवळ वाहक आहोत’ असे म्हणून हात झटकता येतील काय?

भारतात नियम बरेच आहेत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणीविना जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या लाइनी तोडण्याचा आदेश दिला, तेव्हा काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांहून अधिक लाइनी व क्रमांक बंद झाले आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीवर कारवाईची मुदत तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आणली. कंपनीने नको असलेल्या फोनांची आकडेवारी चुकीची दिली तर पहिल्या वेळी दोन लाख, दुसऱ्या वेळी पाच लाख आणि त्यापुढे प्रत्येक वेळी दहा लाख रुपये दंड आहे. कोट्यवधी ग्राहकांच्या कंपन्यांना ही रक्कम जाणवावी इतकी मोठी नाही, आणि त्यातून बुडालेल्या घराला काहीच मिळत नाही. सिंगापूरच्या नियमातील मर्म आपल्याकडे अजून यायचे आहे.

व्यापारी कुटुंबांना आणखी एका धोक्याची जाणीव हवी. पेढीचे बँकखाते, वस्तू व सेवा कराचा भरणा आणि घरातील गुंतवणूक बहुधा एकाच मोबाइल क्रमांकाला बांधलेली असते. ठगाने खोटी कागदपत्रे दाखवून त्या क्रमांकाचे दुसरे सिम काढले, की साऱ्या चाव्या त्याच्या हाती. म्हणून नवे सिम दिल्यानंतर चोवीस तास त्यावर संदेश येऊ न देण्याची सक्ती कंपन्यांवर आहे, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. दुकानातील फोन अकस्मात मुका झाला तर ‘नेटवर्क गेले असेल’ म्हणून संध्याकाळपर्यंत थांबणे महागात पडते. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला तत्काळ विचारावे.

या साऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच दुकानांतून जाते. अक्षय्य तृतीयेला सोन्याचे दर, दिवाळीला कापडाची सवलत कळविण्यासाठी दुकानातील मुलाच्या साध्या दहा अंकी क्रमांकावरून शेकडो फोन करण्याची सवय अनेकांना आहे. त्या यादीतील किती जणांनी तशी संमती दिलेली असते? आता दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. प्रथम उल्लंघनाला बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद राहते. पुन्हा घडल्यास सर्व क्रमांक वर्षभर तोडले जातात. ऐन सणात दुकानाचा फोन बंद पडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत, बँका व वित्तसंस्थांच्या सेवा-फोनांसाठी १६०० ची मालिका आहे, आणि संदेश पाठविणाऱ्याच्या नावाअखेर ‘पी’ हे अक्षर असेल तर तो जाहिरातीचा, ‘टी’ असेल तर व्यवहाराचा, ‘एस’ असेल तर सेवेचा आणि ‘जी’ असेल तर शासनाचा. प्रामाणिक दुकानदार या वाटेने चालले, तर दहा अंकी अनोळखी क्रमांकावरून येणारा ‘बँकेचा’ फोन आपोआप उघडा पडतो.

घरात एवढे ठाऊक असावे: कोणतेही सरकारी खाते फोनवरून अटक करीत नाही, आणि ‘सेवा बंद करू’ असे सांगायला ट्राय कोणाला फोन करीत नाही. संशयास्पद फोन ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत नोंदविता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तेथेच दिसते. जाहिरातींचा त्रास १९०९ वर कळवावा. पैसे गेलेच, तर आधी मुलाला सांगू की नको, लोक काय म्हणतील, या संकोचात वेळ दवडू नये. १९३० क्रमांकावर पहिल्या तासाभरात सांगितले तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठविता येण्याची शक्यता अधिक. श्री. ओसवाल यांनी आपली फसवणूक लपवून ठेवली नाही. पोलिसांत तक्रार केली आणि पुढे जाहीरपणे सांगितलीही.