पाण्याचे मीटर : पंख्याचे व ध्वनिलहरींचे

जुन्या मीटरमध्ये पाण्याच्या धारेने छोटा पंखा फिरतो व दातेरी चाके आकडा पुढे सरकवतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळीच येते. त्या वेळी नळात कोंडलेली हवाही पंखा फिरवते आणि ग्राहकाच्या बिलात हवेचे पैसे लागू शकतात! उलट, गळतीची बारीक धार झिजलेल्या पंख्याला हलवतही नाही. ताशी ५ लिटर गळाले तरी महिन्याला ३६०० लिटर होतात.

अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. ध्वनिलहर प्रवाहाच्या दिशेने लवकर पोचते, विरुद्ध दिशेने उशिरा; या फरकावरून पाण्याचा वेग कळतो. नळीत नुसती हवा असल्यास मोजणी होत नाही. हिशेब म्हणून मला हाच चोख वाटतो. मात्र गळतीही नोंदली जाते, त्यामुळे बिल वाढूही शकते. शिवाय किंमत जास्त, आणि बॅटरी संपली की बहुधा मीटरच बदलावा लागतो.