हिजाझचे यहुदी पुरोहित : परंपरा आणि पुरावा

सौदी अरेबियातील अल-उलाजवळचे हेग्रा २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथे खडकात कोरलेल्या नबाती थडग्यांपैकी एकावरील लेखात ‘यहुदी’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो. शुबैतू नावाच्या यहुदी गृहस्थाने इ. स. ४२-४३ मध्ये स्वतःसाठी, पत्नी अमीरत हिच्यासाठी आणि मुलांसाठी ते करविले. उत्तरेकडील तैमा येथे इ. स. २०३ चा एक स्मृतिलेख सापडला आहे. त्यात नगराच्या प्रमुख घराण्यातील, योसेफाचा पुत्र यशया याचे नाव आहे. या नावांवरून हे कुटुंब यहुदी असावे, असे अभ्यासक मानतात.

मात्र यहुदी वस्तीचा पुरावा हा पुरोहितांचा पुरावा नव्हे. यहुदी पुरोहित म्हणजे कोहेन. हे पद अहरोनाच्या वंशात पित्याकडून पुत्राकडे जाते. आपल्याकडील देवस्थानांत पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात, तशा जेरुसलेमच्या मंदिरात पुरोहित घराण्यांच्या २४ पाळ्या होत्या. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले. सेवा संपली, वंशाचा अभिमान मात्र उरला.

मदिनेच्या बनू नदीर आणि बनू कुरैझा या यहुदी टोळ्यांना अरबी ग्रंथांत ‘अल-काहिनान’, म्हणजे ‘दोन काहिन’, म्हटले आहे. त्या स्वतःस अहरोनाचे वंशज मानीत, असेही हे ग्रंथ सांगतात. परंतु ते बऱ्याच नंतर लिहिले गेले. शिवाय जुन्या अरबीत ‘काहिन’ म्हणजे भविष्य सांगणारा. त्यामुळे केवळ या उपाधीवरून पौरोहित्य सिद्ध होत नाही.

अरबी द्वीपकल्पातील ठोस दुवा सौदी सीमेपलीकडे, येमेनमध्ये मिळतो. सनाजवळच्या बैत हादिर गावातील मशिदीच्या एका खांबावर १९७० मध्ये जर्मन विद्वान वाल्टर म्युलर यांना हिब्रू लेख आढळला. त्यात पुरोहितांच्या पाळ्या आणि प्रत्येक घराण्याचे गालीलातील गाव यांची यादी आहे. अशाच यादीचे तुकडे त्यापूर्वी इस्रायलमधील कैसरिया येथे सापडले होते. मंदिर नष्ट झाल्यावरही या पाळ्यांची आठवण दूर दक्षिणेत जपली जात होती, एवढे त्यावरून निश्चित होते. तेथे पुरोहित राहत होते, हे मात्र निव्वळ यादीवरून ठरत नाही.

नावापुढे ‘हा-कोहेन’ असे कोरलेला लेख हाच या बाबतीत थेट पुरावा ठरतो. शुबैतूने आपल्या थडग्यात परक्याचे दफन होऊ नये, अशी अट कोरविली. वारसांचे हक्कही बांधून दिले. आपण अहरोनाचे वंशज आहोत, असे मात्र त्याने कोठेही लिहिले नाही.