हिवतापाच्या जंतूची कोंडी

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेचे पात्र संगमरवरी कड्यांमध्ये अतिशय अरुंद होते. अशा चिंचोळ्या वाटेत एखादी नाव आडवी अडकली, तर मागील साऱ्या नावा खोळंबतात. सजीव पेशीतही अशा वाटा असतात. एंझाइम नावाच्या प्रथिनात एक लहानशी खाच असते. तीत योग्य रेणू बसला म्हणजेच चयापचयाची क्रिया पुढे चालते.

याच नदीच्या वरच्या अंगाला, मंडला जिल्ह्याच्या वनप्रदेशात, हिवतापाने गोंड व बैगा वस्त्यांना दीर्घकाळ ग्रासले. हिवतापाचा जंतू फोलेट हे द्रव्य स्वतः तयार करतो. त्यावाचून त्याची वाढ खुंटते. पिरिमेथामीन या औषधाच्या रेणूत चार कार्बन व दोन नायट्रोजन अणूंचे वलय असते. भिन्न मूलद्रव्यांची अशी वलये असणाऱ्या पदार्थांना विषमवलयी संयुगे म्हणतात. हा रेणू डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एंझाइमाची खाच अडवून बसतो. हे एंझाइम मानवातही आहे. परंतु जंतूच्या एंझाइमाला तो कितीतरी अधिक घट्ट धरतो. अशा औषधांच्या मूलतत्त्वांचा शोध लावणारे जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

तथापि जंतूही स्वस्थ बसत नाही. एंझाइमातील १०८ व्या स्थानी सेरीनऐवजी अस्पॅराजीन आले, की औषधाची पकड सैल होते. म्हणून फोलेटची वाट आधीच्या टप्प्यावर अडविणारे सल्फाडॉक्सिन आणि त्यांच्या जोडीला आर्टेसुनेट, अशी तिहेरी योजना झाली. तरीही ईशान्येकडील राज्यांत २०१३ साली औषध बदलावे लागले. औषधाची मात्रा अर्धवट सोडू नये, ती याचसाठी. वाचलेला जंतूच पुढील पिढीला जन्म देतो.