हजार यार्डांवरची नेमबाजी – लेखांक ५ : घरी भरलेलं काडतूस

मागच्या आठवड्यात वाऱ्याबद्दल लिहिलं. वारा गोळीला डावी-उजवीकडे नेतो. पण निशाण्यावर गोळ्या वर-खाली विखुरल्या असतील, तर वाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आधी काडतुसं तपासावीत.

.३०८ विंचेस्टर घ्या. १७५ ग्रेनची गोळी बॅरलमधून सेकंदाला साधारण २६०० फूट वेगाने निघते. हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर कापायला तिला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेपासून दहा मीटरहून जास्त खाली उतरते. दुर्बिणीवर योग्य क्लिक फिरवून हे उतरणं भरून काढता येतं, फक्त प्रत्येक गोळी तितकीच उतरली पाहिजे. वेगात दहा फुटांचा फरक पडला की निशाण्यावर तीन-चार इंच इकडचं तिकडे होतं. जॉर्ज फार्कर्सन या कॅनेडियन नेमबाजाच्या आडनावावरून ज्याला नाव पडलं त्या ‘एफ-क्लास’ प्रकारात या अंतरावरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या आतलं ‘एक्स’ पाच इंचांचं. वेगात तीस फुटांचा फरक असेल तर ते सगळं वर्तुळ काडतुसानेच खाऊन टाकलं, नेमबाजाच्या चुकीला जागाच उरली नाही.

कारखान्यातली काडतुसं वाईट असतात असं मुळीच नाही. पण आपल्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत बनणारं काडतूस असो की अमेरिकेतल्या दुकानात मिळणारं, ते त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत बसलं आणि उडालं पाहिजे. त्यासाठी त्याच्या मापांत थोडी सैल जागा ठेवावीच लागते. घरी भरणाऱ्याला एकाच रायफलीची चिंता असते. लोकांना वाटतं तो जास्त ताकदीचं काडतूस बनवतो. खरं तर त्याला शंभर एकसारखी काडतुसं हवी असतात, एवढंच.

काम सुरू होतं ते उडवलेल्या पुंगळीपासून. बार होताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटतं आणि त्या एका रायफलीचं माप अंगावर घेऊन बाहेर येतं. प्रेसला लावलेल्या डायमध्ये ती दाबली की तळातली पिन जुना प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी टोपी, बाहेर ढकलते आणि पुंगळीचा खांदा किंचित मागे सरकतो. किंचित म्हणजे एक-दोन सहस्रांश इंच. पाच शतांश मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त मागे ढकलला तर पितळ दर वेळी ताणलं जातं आणि काही बारांनंतर पुंगळी बुडाजवळ चिरते. मानेचं पितळ वारंवार आवळल्याने कडक होतं, म्हणून काहीजण दर वेळी ते क्षणभर तापवून मऊ करून घेतात. मान गोळीला प्रत्येक काडतुसात सारखीच धरते का, याचा वेगावर परिणाम होतो.

जाता जाता एक गंमत. पिनने सहज निघणारा, मधोमध एकच छिद्र लागणारा प्रायमर एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचा. तो रुळला अमेरिकेत. हायरम बर्डन अमेरिकन. त्याची दोन छिद्रांची पद्धत युरोपात पसरली. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत इतका फोफावला, त्यात बॉक्सरचा वाटा नक्कीच आहे.

मग पावडर. तिचं वजन ग्रेनमध्ये करतात. सराफाच्या एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन बसतात. हल्लीचे काटे ग्रेनचा पन्नासावा भाग दाखवतात, म्हणजे काड्यांसारख्या पावडरची एकेक काडी. भरणारी मंडळी चिमट्याने काडी टाकतात, काढतात, पुन्हा टाकतात. मला हा हव्यास वाटतो. .३०८ मध्ये पावडर एक दशांश ग्रेनने चुकली तर वेग पाच-सहा फुटांनी बदलतो. मग एका काडीने जेमतेम एका फुटाचा फरक. त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक प्रायमर, मानेची पकड आणि पुंगळीचं आतलं आकारमान मिळून करतात. पुंगळ्या एकाच लॉटच्या ठेवल्या तर चिमटा बाजूला ठेवता येईल.

शेवटी गोळी बसवायची. इथे काडतुसाची लांबी गोळीच्या टोकापासून मोजत नाहीत, कारण स्पर्धेच्या गोळ्यांची पोकळ टोकं एकसारखी नसतात. गोळी बॅरलच्या आट्यांना जिथे पहिल्यांदा टेकेल, त्या वळणापासून माप घेतात.

पण एवढं करून काडतूस चांगलं झालं हे ठरवायचं कसं? छंदातली खरी फसगत इथे आहे. पावडरची पाच वेगवेगळी वजनं, प्रत्येकी तीन बार, आणि ज्या तीन बारांची भोकं एकमेकांना चिकटली तो ‘आपला लोड’! तीन बार योगायोगानेही चिकटतात. डॉप्लर रडारने वेग मोजला तरी तेच. पाच बारांवरून वेगाचं प्रमाण विचलन ८ फूट आलं, तर खरं विचलन ५ ते २३ फुटांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. उत्तम आणि टाकाऊ दोन्ही काडतुसं त्या पट्ट्यात बसतात. वीस-तीस बार केल्याशिवाय निकाल देऊ नये. पण तेवढे बार करायचे तर पैसे जातात आणि बॅरलही झिजते, म्हणून बहुतेक जण तीनवर समाधान मानतात.

पावडरची वजनं या लेखात मुद्दाम दिलेली नाहीत. ती उत्पादकाच्या छापील तक्त्यातूनच घ्यायची असतात, आणि सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी वजनापासून. डब्यांची अदलाबदल झाली तर रायफल फुटू शकते. त्यामुळे टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा ठेवायचा, हा नियम कुणीही मोडू नये.

भारतात हे छंद म्हणून करता येत नाही. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, आणि शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला परवाना लागतो. आपल्या नेमबाजांना त्याची फारशी गरजही पडत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं, ते ५० मीटर रायफलमध्ये. तिथे .२२ रिमफायर काडतूस चालतं. त्याचं पेटणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं, वेगळा प्रायमर नसतो. त्यामुळे ते पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून इथे भरण्याऐवजी निवडणं आलं. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच बॅरलमध्ये वेगळे वागतात. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यामुळे हा फरक परवडत नाही. नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एली कंपनीच्या किंवा जर्मनीत श्योनेबेकला लापुआच्या चाचणी रेंजवर जातात. तिथे बॅरल घट्ट पकडीत बसवून एकामागून एक लॉट उडवून बघतात. जो लॉट जमेल त्याचा क्रमांक लिहून घ्यायचा आणि त्याच क्रमांकाची जमतील तेवढी खोकी विकत घ्यायची. तो संपला की दुसऱ्या लॉटसाठी पुन्हा पहिल्यापासून चाचणी.

(पुढील लेखांकात : बॅरलचे आटे)