मंजुरीपूर्वीचा मसुदा

एखाद्या संस्थेचे निवेदन उद्या सकाळी ९ वाजता एक्स, ब्लूस्काय आणि इन्स्टाग्राम या तिन्ही ठिकाणी प्रसिद्ध व्हावे, असा हुकूम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटास आदल्या रात्री देऊन स्वस्थ झोपी जाण्याची सोय आता झालेली आहे. परंतु ज्या यंत्राने तो मजकूर रचला त्यास तो पडद्यावर कसा उमटेल हे स्वतःहून मुळीच दिसत नाही, ही गोष्ट हुकूम देणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात असते. भाषेचे हे यंत्र आपल्याप्रमाणे अक्षरे वाचत नाही. मजकुराचे 'टोकन' नावाचे तुकडे पाडून त्यांवर ते आपला व्यवहार करते, आणि म्हणूनच सुबक परिच्छेद लिहिणारे तेच यंत्र त्या परिच्छेदातील अक्षरे मोजताना मात्र चुकते.

या उणिवेवर उपाय म्हणून पूर्वदर्शनाचे, म्हणजे 'प्रिव्ह्यू'चे, साधन एजंटाच्या हाती दिले जाते. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केल्यापासून अशी साधने एजंटास जोडण्याची एक सामायिक रीत रूढ झाली आहे. मसुदा, ठिकाण आणि वेळ एजंटाने साधनाच्या हवाली करावी, आणि साधनाने काहीही प्रसिद्ध न करता मजकूर मर्यादेत बसतो की नाही, कोठे तुटतो, चित्राची कोणती बाजू कापली जाते, याचा तपशील परत द्यावा, एवढाच हा व्यवहार.

एवढाच म्हणावा, तर मोजणीपाशीच त्याची खरी कसोटी लागते, आणि आपल्या लिपीत तर ती विशेष कठीण आहे. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. मराठी वाचक त्यात म, हा, रा, ष्ट्र अशी ४ अक्षरे मोजील. युनिकोडच्या हिशेबी काना आणि हलन्ताचे चिन्ह यांनाही स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे तेथे १० खुणा भरतात. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना प्रत्येक खुणेस ३ बाइट लागून एकूण ३० बाइट होतात. एक्सवर सामान्य खात्यास २८० ची मर्यादा असून तेथे या १० खुणांचे १० च धरले जातात. दुवा कितीही लांब असला तरी तो मात्र २३ च मोजला जातो. ब्लूस्कायची मर्यादा ३०० दृश्य अक्षरांची. पण दृश्य अक्षर कशास म्हणावे? सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ या आवृत्तीने जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम आणला. त्यापूर्वीच्या नियमाने चालणारी संगणकप्रणाली 'ष्ट्र'चे तीन तुकडे करून तोच शब्द ६ अक्षरांचा ठरवते. इंग्रजीपुरते तयार केलेले साधन ही रुजवात करीत नाही, आणि परिणामी निवेदन वाक्याच्या मध्यावरच खुंटते किंवा थेट नाकारले जाते.

वेळेचीही अशीच गत आहे. एजंटाने '९ वाजता' असे लिहिले आणि साधनाने ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून घेतली, तर भारतात ते निवेदन दुपारी अडीच वाजता निघेल. म्हणून पूर्वदर्शनात वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे, तारखेसह, छापलेली असलीच पाहिजे. दुव्याखाली झळकणारे शीर्षक व चित्र यांविषयी मात्र साधनाकडून हमी मागणे व्यर्थ होय, कारण ते मूळ पानावरील खुणांवरून उचलले जाते आणि ते पान रातोरात बदलू शकते.

मंजुरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मनुष्याने पूर्वदर्शन पाहून शिक्कामोर्तब केल्यानंतर एजंटाने मजकुरात एक काना जरी हलवला, तरी ती मंजुरी रद्द व्हावी. मजकुरावरून गणिताने काढलेला 'हॅश' हा आकडा मंजुरीसोबत नोंदवून ठेवला, तर हे सहज साधते. शिवाय पूर्वदर्शनाच्या साधनास प्रसिद्धीचा अधिकारच असू नये. ते केवळ वाचनापुरते आहे असे जाहीर करण्याची तरतूद उपरोक्त प्रोटोकॉलमध्ये आहे खरी, परंतु अपरिचित ठिकाणाहून आलेल्या अशा ग्वाहीवर विसंबू नये, असेही तोच प्रोटोकॉल बजावतो.

असे साधन स्वीकारू इच्छिणाऱ्या मराठी संस्थांनी जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद आधी त्याच्यापुढे ठेवावा, आणि एक्ससाठी व ब्लूस्कायसाठी त्याने एकच आकडा सांगितला, तर ते खुशाल परत करावे.